उजवी वर

"मुलाची कुठली पट्टी वर येती गं?" आईनं विचारलं.

ती उंबऱ्यात बसून पावटा सोलत होती. मी पुढच्या खोलीत टिचबटणाच्या मशीनवर होते. मशीन कसलं, टेबलाला बोल्ट मारून बसवलेला लोखंडी दांडा. खाली बटण, वर कडी, मधे कापड. दांडा ओढला की टच्च.

"डावी," मी म्हणाले. "इतकी वर्षं बघतेस आणि आज विचारतेस?"

"आणि मुलीची उजवी."

"हो."

"मागनं बदलता येत न्हाई?"

"नाही. कडीचे दात कापडातून पार जाऊन बटणाला धरतात. एकदा बसलं की बसलं. उपटायला गेलीस तर निघेल, पण कापडाचा लचका घेऊनच निघेल."

आईनं पुढची शेंग उचलली. मला वाटलं, म्हातारीला माझ्या धंद्याची आस्था वाटायला लागली. मी मूर्ख होते.

गडहिंग्लजला आमचं घर. मी नवरा सोडून तिथं परत आले होते. गाव म्हणायचं, त्यानं टाकली. मी कुणाला दुरुस्त करत बसले नाही. पुढच्या खोलीत मशीन टाकलं आणि बाळंतविडे शिवायला लागले. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी. पोटुशी बाई दिसली की तिची सासू नाहीतर आई माझ्याकडं यायची. पण जन्माआधी बाळाचं काही पुरं करू नये, असा आमच्याकडचा नेम. म्हणून मी सगळं शिवून ठेवायची आणि टिचबटणं तेवढी लावायची नाही. बटण नाही म्हणजे झबलं अपुरं, म्हणजे नेम मोडला नाही. शिवाय पट्टीची भानगड होतीच. बाप्यांच्या सदऱ्याची डावी बाजू वर येते, बायकांच्या पोलक्याची उजवी. झबल्यालाही लोकांना तसंच लागायचं. ज्या पोराला अजून मान धरता येत नाही, त्याची पट्टी कोण बघायला जातंय? पण लागायचं.

त्यामुळं बाळंतपण झालं की निरोप यायचा, "शालनताई, डावी लावा," किंवा "उजवी लावा." मी बसायची आणि बटणं दाबून बाळंतविडा पाठवून द्यायची. हळूहळू गल्लीची ती बोलीच झाली. कुणी बाळंत झाली की विचारायचे, डावी का उजवी? डावी म्हणजे पेढे. उजवी म्हणजे जिलेबी, आणि तीही दिली तर.

समोरची हौसाक्का रोज येऊन बसायची. म्हातारी, विधवा, तोंडाची फाटकी. टिचबटणाच्या दोन भागांना आम्ही नर आणि मादी म्हणतो. वरच्या पट्टीवर मादी बसते, खालच्या पट्टीवर नर. हौसाक्का म्हणायची, "आख्ख्या गडहिंग्लजात बाई वर बसलेली एवढी झबल्यावरच बघायला मिळती बघ."

माझा धाकटा भाऊ दिगंबर साखर कारखान्यावर होता. त्याची बायको वैजयंता, आम्ही वैजा म्हणायचो. त्यांना एक मुलगी होती, चिमी, बालवाडीत जायची. वैजाला पुन्हा दिवस गेले होते, पोट दिसायला लागलं होतं. तिच्या बाळाची झबली मी सगळ्यात मऊ मलमलीची शिवली होती. बटणाच्या जागी आतून जाड कापडाची पट्टी घातली होती, म्हणजे ओढाताण झाली तरी मलमल फाटायची नाही. ती फळीवर घडी घालून ठेवलेली होती. बटणांशिवाय.

पावटा सोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आई, दिगू आणि वैजा जीप करून सौंदत्तीला देवीला गेले. चिमी माझ्यापाशी. मी तिला म्हटलं, आता आजी येईल ती भंडाऱ्यानं पिवळी होऊन येईल.

दुपारच्या जेवणाला ते परत आले.

सौंदत्तीला गेलेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी येत नाही. आणि आला तर त्याच्या कपाळाला भंडारा असतो. या तिघांची कपाळं कोरी. वैजा खाली मान घालून थेट परड्यात गेली. आईनं पायसुद्धा धुतले नाहीत, भिंतीला टेकून बसली.

"झालं दर्शन?" मी विचारलं.

"झालं की."

"प्रसाद?"

"गर्दी होती."

देवीच्या दारात गर्दी असली की प्रसाद मिळत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी पुढं बोलणार तोवर दिगूचा मोबाईल वाजला. तो बाहेर ओट्यावर गेला. माझी खिडकी ओट्यावरच उघडते, हे त्याच्या ध्यानात असायला हवं होतं.

"व्हय मामा, आत्ताच आलो," तो म्हणाला. मग थोडा थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "उजवी."

परत थांबला.

"न्हाई न्हाई, तिथंच करून देत्यात. परवा बोलावलंय. आई हाय संगट."

माझ्या हातात कात्री होती. मी ती टेबलावर ठेवली. बाळ जन्माला यायला अजून चार महिने होते आणि याला उजवी कळली होती. ती सीमेपलीकडं कुठल्यातरी दवाखान्यात कळली होती आणि परवा तिथंच तिचा निकाल लागणार होता. आणि ते मामाला सांगायला माझ्या भावानं माझ्या दुकानातला शब्द उचलला होता. डावं-उजवं करणं म्हणतात ते हे. आजवर म्हणीत ऐकलं होतं, त्या दिवशी फोनवर ऐकलं.

मी परड्यात गेले. वैजा धुण्याच्या दगडावर बसली होती. नळ सोडलेला, बादली भरून वाहत होती, तिचं लक्ष नव्हतं. मी नळ बंद केला.

"परवा जाणार आहेस?"

तिनं वर बघितलं. रडत नव्हती. "तुम्हाला कुणी सांगितलं, वन्सं?"

"सांगायला कशाला पाहिजे. तुला जायचंय का ते सांग."

"मला जायचंय का!" ती हसली. असलं हसू मी माझ्या सासरी आरशात बघितलंय. "वन्सं, इतक्या दिवसांत हे इचारणाऱ्या तुम्ही पयल्याच."

"मग सांग."

"त्या डॉक्टरबाईनं मशीनचं तोंड माझ्याकडं केलं न्हाई. पण मी मान वळवून बघितलं. अंगठा तोंडात घातलेला पोरीनं." वैजानं पदर पोटावरून ओढून घेतला. "आता पायबी मारती. जेवले की मारती."

"मी पोलिसात जाते."

तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "न्हाई हां! हे म्हणत्यात, आधी बायकोलाच आत घालत्यात. चिमीचं कोण करंल?"

"खोटं सांगतोय तो."

"असंल. पण मी कुणाला इचारायला जाऊ? तुम्ही नवरा सोडून आलाय. तुम्हाला यायला हे घर होतं. मी कुठं जाऊ? माझ्या माहेरात भावजय मला चहासुद्धा उभ्यानं पाजती." तिनं हात सोडला. "माझ्यानं न्हाई म्हणवत न्हाई, वन्सं. सासूबाईंच्या तोंडाकडं बघितलं की जीभ आत वळती. तुम्हाला काय करायचं ते करा. मला बोलायला लावू नका."

मधला एक दिवस गेला. मी आईशी बोलले. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी दिगूशी बोलले. तो म्हणाला, "शाले, ज्याच्या त्याच्या संसारात ज्यानं त्यानं बघावं. तुझा तुला झाला काय?" मी त्याला शिवी दिली, ती इथं लिहीत नाही, छापणारा काढून टाकेल. तो म्हणाला, "पोलिसात जा की. वैजाच सांगंल, आम्ही देवीला गेलतो म्हणून." आणि वैजा तसंच सांगेल, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

परवाचा दिवस उजाडला. जीप न्याहारी झाल्यावर येणार होती. आई चुलीपाशी, दिगू दाढी करत होता, वैजा चिमीची वेणी घालत होती. मी फळीवरची झबली काढली, मशीनपाशी बसले आणि वरची पट्टी उजवी घेतली.

टच्च.

आतून आई म्हणाली, "सकाळी सकाळी कुणाची आली गं ऑर्डर?"

"घरचीच."

टच्च. टच्च.

भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात येऊन उभी राहिली. माझ्या हातातली मलमल तिनं ओळखली.

"अगं, अजून दिवस भरायचे हाईत! नेम हाय का न्हाई काय?"

"तू नेम सांगतेस मला?"

"शालू, ठेव ते खाली."

मी दांडा ओढला. तिनं झबलं माझ्या हातातून हिसकलं, दोन्ही हातांनी बटण उपटायला बघितलं. आतली जाड पट्टी मीच घातलेली. बटण हललं नाही. तिच्या नखातून रक्त आलं. तेवढ्यात मी बाकीची उचलली आणि बाहेर गेले.

दुकानाच्या दारावर माझी एक दोरी होती, तयार माल त्यावर लावायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. एकेक झबलं चिमट्यानं लावलं. पट्ट्या रस्त्याकडं. आमच्या गल्लीत वाचता न येणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण झबल्याची पट्टी वाचता येत नाही अशी एक नव्हती.

हौसाक्का दात घासत समोरच्या ओट्यावर बसली होती. तिनं बघितलं, थुंकली, तोंड पुसत रस्ता ओलांडून आली.

"शाले, उजवी? कोण बाळंत झालं?"

"अजून कुणी झालं नाही. व्हायचीय. आमची वैजा."

"व्हायचीय?" तिनं झबलं हातात धरलं. "मग बटणं कशी लावलीस? तुला काय सपान पडलं व्हय?"

"मला नाही पडलं. दिगूला विचारा."

दिगू बाहेर आला होता. अर्ध्या गालाला साबण. "शाले, ती झबली खाली काढ," तो दात आवळून म्हणाला. "आत्ता काढ."

"कशाला काढू? हौसाक्का विचारतायत, तुला आधीच कसं कळलं. सांग की त्यांना."

पिठाच्या गिरणीवर डबे घेऊन निघालेल्या दोघी थांबल्या. पलीकडच्या घरातली सून खराटा हातात घेऊन बाहेर आली. मी आवाज चढवला नव्हता, चढवायची गरजच नव्हती. त्या काळी प्रत्येक दवाखान्यात पाटी असायची, इथं गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. ती पाटी सगळ्यांनी बघितलेली. आणि पाटी असूनही लोक कुठं जातात, हेही सगळ्यांना ठाऊक.

आणि नेमकी तेव्हा गल्लीच्या तोंडाला जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"कुणाची जीप रं दिगू?" हौसाक्कानं विचारलं. "परवाबी आलती. कुठं निघालाय?"

दिगूनं जीपकडं बघितलं, झबल्यांकडं बघितलं. साबण वाळून गालाला चिकटला होता. मला वाटलं, तो मला मारेल. हात उचललाही होता. पण गल्ली बघत होती.

"देवीनं कौल दिलाय," तो म्हणाला.

"काय?"

"परवा सौंदत्तीला गेलतो ना आम्ही. तिथं… देवीनं कौल दिला. मुलगी हाय म्हणून. त्यावरनं आईनं शिवायला सांगितली."

खोटं बोलायला अक्कल लागते. त्याच्याकडं ती कधीच नव्हती. माझ्या पोटातून हसू आलं ते मी गिळलं, कारण हौसाक्का हसत नव्हती. तिनं मिसरीचं बोट लुगड्याला पुसलं आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"देवीनं तोंडानं सांगून पोर दिली? आरं, मग भाग्याचा हाईस की रं!" तिचा आवाज पार गिरणीपर्यंत गेला असेल. "आता जपा बाबा. साध्या पोराचं येक असतंय. पण देवीनं दिलेल्या पोरीला काय कमीजास्त झालं, तर ती सोडती व्हय? घरादाराला किडं पडत्यात." मग ती दारात उभ्या असलेल्या माझ्या आईकडं वळली. "व्हय की न्हाई गं, पारूबाई? तू तर म्होरं हुतीस. तूबी ऐकलास न्हवं कौल?"

आईच्या बोटाचं रक्त पदराला लागलं होतं. गल्ली तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

हौसाक्काला सगळं कळलं होतं की ती खरंच भाबडी होती, हे मला आजपर्यंत सांगता येत नाही. मी तिला कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हा मी तिच्या पायाला हात लावला, एवढंच.

"ऐकलं का न्हाईस, पारूबाई?" तिनं पुन्हा विचारलं.

तेव्हा आईच्या मागून वैजा बाहेर आली. प्रवासाचं लुगडं नेसलेली, हातात पिशवी. ती पायरी उतरून खाली आली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याकडं बघितलं नाही. पिशवी खाली ठेवली.

"मी ऐकलाय, हौसाक्का," ती म्हणाली. "मुलगी हाय. देवीनं मलाच सांगितलं. माझ्या कानात."

"मग आता परत कुठं निघालीस?"

"मी कुठंच निघाले न्हाई." तिनं दिगूकडं बघितलं. त्याच्या तोंडावर अशी नजर तिनं त्याआधी टाकलेली मी बघितली नव्हती. "त्या जीपवाल्याला सांगा जावा म्हणावं."

दिगू जागचा हलला नाही. मग खराटा घेतलेली ती सूनच ओरडली, "ओ ड्रायव्हर, जावा! न्हाई यायचं त्यांना!"

ड्रायव्हरनं थोडी वाट बघितली. मग जीप मागं घेतली. वळवायला जागा नव्हती, म्हणून सगळी गल्ली ती उलटीच गेली.

मुलगी झाली. आता ती कोल्हापूरला कॉलेजात आहे, तिच्या आईपेक्षा उंच आहे आणि माझ्यापेक्षा शिवराळ आहे. देवीनं दिलेली म्हणून गल्लीत तिचे लाड झाले, मंगळवारी बायका तिला ओवाळायच्या. दिगू माझ्याशी बोलला नाही, अजून बोलत नाही. मी त्या उन्हाळ्यातच मशीन उचलून बाजारपेठेत भाड्याच्या गाळ्यात गेले. वैजानंच सांगितलं जायला. म्हणाली, "वन्सं, तुम्ही समोर असला की ह्यांना रोज तेच आठवतंय आणि राग माझ्यावर निघतोय. तुम्ही जावा. मी बघते आता." मला राग आला होता. पण ती बरोबर होती आणि तिनं बघितलं.

पण मला सांगायचंय ते त्या दिवसाच्या संध्याकाळचं.

दिगू बाहेर निघून गेला होता. वैजा चिमीला घेऊन आतल्या खोलीत पडली होती. दिवसभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. दिवेलागणीला आईनं चूल पेटवली. मी जाऊन पाटावर बसले. भांडायचंच ठरवून बसले होते. दिवसभर मनात वाक्यं जुळवली होती, एकेक धारदार.

आईनं ताट पुढं सरकवलं. बोटाला चिंधी बांधलेली, तरी भाकरी थापत होती. पीठ चिंधीला लागत होतं.

"तुझ्या वक्ताला माझ्या सासूनं मला दहा दिवस उकडलेल्या पाण्यावर ठेवलंतं," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता, तव्याकडं बघून. "पैली पोरगी म्हणून. बाळंतिणीला तूप न्हाई, खोबरं न्हाई. दूध कुठनं यायचं? तू रडायचीस. ती म्हणायची, रडू दे, जाईल आपोआप."

मी ताट तसंच ठेवलं.

"तुझा बाप भाईरच्या भाईर जायचा. तोंड बघितलं न्हाई. लोक म्हणायचे, पारूनं दगड जन्माला घातला." तिनं भाकरी उलटली. "तवा असलं मशीन न्हवतं."

"असतं तर?" मी विचारलं.

मला वाटलं, ती गप्प बसेल. नाहीतर म्हणेल, तसं नव्हे गं. मी त्या वाक्याची वाट बघत होते, आणि ते आलं की त्याच्यावर तुटून पडायची माझी तयारी होती.

आईनं भाकरी निखाऱ्यावर टाकली. ती फुगली. चिमट्यानं उचलून तिनं माझ्या ताटात वाढली, मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"गेले असते," ती म्हणाली. "जीप न्हाई मिळाली, तर चालत गेले असते."

चुलीतलं लाकूड तडतडलं. आतल्या खोलीत चिमी झोपेत काहीतरी बरळली आणि वैजानं तिला थोपटलं, ते ऐकू आलं. मी जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. आई तशीच बघत होती. तिच्या डोळ्यांत माफी नव्हती, रागही नव्हता. मी काय करते, एवढंच ती बघत होती.

मी भाकरी मोडली. बोटं पोळली.

"कालवण वाढ," मी म्हणाले.

तिनं वाढलं.